मुबीच्या फ्रॉकचा रंग

कोल्हापुरात दुपारी दोन ते चार कुणी कुणाकडे जात नाही. जेवण अंगावर आलेलं असतं, पंखा गरम हवा फिरवत असतो, आणि दारात आलेल्या माणसाला 'या' म्हणण्याइतकंही त्राण कुणात नसतं. तरी मार्चमधल्या एका दुपारी बरोबर अडीच वाजता नुजहत लक्ष्मीपुरीतल्या छापखान्याच्या पायऱ्या चढली, कारण अंबादासकाकांचे सकाळपासून तीन फोन आले होते आणि चौथा आला असता तर तिनंच फोन फेकून दिला असता.

छापखाना आता नावालाच उरला होता. अंबादासकाकांचं वय बहात्तर, मशीनचं त्याहून जास्त. दोघांनी एकदमच थांबायचं ठरवलं होतं. पण थांबण्याआधी एक काम करायचं काकांच्या मनात होतं. त्यांच्या वडिलांनी साठ वर्षांपूर्वी मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक काढलं होतं, 'चिमाची छत्री'. त्यातली चित्रं ख्वाजा मास्तरांची, म्हणजे नुजहतच्या आजोबांची. ते पुस्तक पुन्हा छापायचं, तेही मूळ चित्रांवरून.

"माळ्यावर सापडली बघ," काका एका पत्र्याच्या पेटीवर थाप मारत म्हणाले. "बाराच्या बारा. वडलांनी बांधून ठेवलीती. घेऊन जा आणि जरा पुसून-बिसून नीट करून दे. तुझ्याशिवाय दुसरं कोण हाय ह्या कामाला?"

हे काही तोंडदेखलं बोलणं नव्हतं. नुजहतचं दुकान म्हणजे जुन्या फोटोंचा दवाखाना. पुराच्या पाण्यात भिजलेले, उंदरांनी कुरतडलेले, देवघरातल्या धुरानं काळे पडलेले फोटो लोक तिच्याकडे घेऊन यायचे. आजोबांचा एक डोळा गेलाय, तेवढा घाला. वडिलांना जन्मात कोट मिळाला नाही, निदान फोटोत तरी घाला. निम्म्या जिल्ह्यातल्या गेलेल्या माणसांना नुजहतनं कोट, फेटे आणि शाली घातल्या होत्या. मुरगूडच्या एका बाईनं तर जन्मात एकत्र न बसलेल्या सासू-सासऱ्यांना शेजारी शेजारी बसवून घेतलं होतं आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर थोडं हसूही मागितलं होतं. तेही नुजहतनं दिलं होतं. एवढ्या वर्षांच्या सवयीनं तिचं असं झालं होतं की कुठं कोरी जागा दिसली की हात शिवशिवायला लागायचा. ही सवय आता लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळंच झालं.

बिंदू चौकाच्या मागच्या गल्लीत नुजहत आणि तिची फुफी, म्हणजे आत्या, सुलतानबी अशा दोघीच राहायच्या. लग्नाचं जमलं नाही आणि नुजहतनंही ते फारसं मनाला लावून घेतलं नाही. वडील कामिल वारले, तेव्हापासून ती फुफीजवळ आली, त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. सुलतानबी एकाहत्तर वर्षांच्या. गुडघे सोडले तर तब्येत ठणठणीत, आणि गुडघ्यांची तक्रारसुद्धा अशा थाटात करायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्यालाही असे गुडघे असावेत.

त्यांची एकच गोष्ट वेगळी होती. दुपारी जोहरची नमाज झाली की त्या मागच्या खोलीत जायच्या, दार लोटून घ्यायच्या आणि सागरगोटे खेळायच्या. पाच राखाडी सागरगोटे, हाताळून हाताळून काचेसारखे झालेले. गोटा वर उडायचा, बाकीचे फरशीवरून उचलले जायचे, टक, खर्र, टक. तासभर तरी हा आवाज चालायचा. सुरुवातीला नुजहतला हसू यायचं. मग त्या आवाजाची अशी सवय झाली की दुपारची झोप त्याच्याशिवाय लागेना. एक मात्र तिच्या कधीच ध्यानात आलं नव्हतं. आवाज मध्येच थांबायचा, आणि पुन्हा सुरू व्हायचा तेव्हा त्याची लय निराळी असायची, जरा अडखळती, जरा घाईची. एका हातातून दुसऱ्या हातात डाव गेल्यासारखी.

त्या दिवशी तिनं पेटी आणून पुढच्या खोलीत उघडली. आतून डिंकाचा आणि जुन्या कागदाचा वास आला. वर आजोबांचा रंगांचा डबाही होता. पत्र्याचा, बारा खणांचा, प्रत्येक खणात रंगाची एक वडी वाळून दगड झालेली.

आणि मग चित्रं. नुजहत बराच वेळ नुसती बघत बसली. फुफीजवळ पुस्तकाची एक जुनी प्रत होती, ती तिनं लहानपणी शंभरदा पाहिली होती. पण छापलेल्या त्या फिकट चित्रांचा आणि ह्यांचा काही संबंध नव्हता. चिमा नावाच्या मुलीची लाल छत्री वाऱ्यानं उडते आणि सगळ्या कोल्हापुरावरून फिरून येते, एवढीच गोष्ट. पण काय ते रंग! कट्ट्यावर दूध काढायला उभ्या असलेल्या म्हशी चक्क जांभळ्या. तालमीतले पैलवान केशरी, रंकाळ्याचं पाणी मोरपंखी, गुऱ्हाळाच्या कढईतला गूळ सोन्याचा, आणि त्यावर घोंगावणाऱ्या माश्यासुद्धा गुलाबी. मास्तरांनी जगाला कधीच जगाचे रंग दिले नव्हते. आपल्या आजोबांच्या हातात एवढी मजा होती, हे बघून नुजहतला खूप आनंद झाला, आणि थोडं रडूही आलं.

सातवं चित्र रंकाळ्याचं होतं. काठावर माणसांची गर्दी, सगळे माना वर करून छत्रीकडे बघतायत. त्या गर्दीच्या डाव्या कोपऱ्यात एक लहान मुलगी उभी होती. पाच-सहा वर्षांची, बॉबकट, फुगीर बाह्यांचा फ्रॉक. ती छत्रीकडे बघत नव्हती. ती सरळ समोर बघत होती. आणि तिच्यात रंगच नव्हता. नुसती पेन्सिलीवर शाई फिरवलेली बाह्यरेषा, आत कोरा कागद.

नुजहतनं बाकीची चित्रं पुन्हा चाळली. ती मुलगी सगळीकडे होती. म्हशींच्या मागे, तालमीच्या दारात, गुऱ्हाळाच्या मांडवाखाली. बाराही चित्रांत, कुठं तरी कडेला, कोरी. छापलेल्या पुस्तकात कागदच पिवळा पडलेला, त्यामुळं ती कधी नजरेत भरली नव्हती.

'घाईत राहिली असणार,' नुजहत मनाशी म्हणाली. ख्वाजा मास्तरांचं काम कधी वेळेवर होत नसे, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. छापखान्याचा माणूस दारात येऊन बसला की मास्तर मागच्या दारानं तालमीत जात, असं वडील सांगायचे.

पहिल्या पानाची मूळ अक्षरंही पेटीत होती. मास्तरांच्या वळणदार हातात लिहिलेली ओळ: 'मुलांनो, या पुस्तकात रंग भरू नका.' नुजहतला ते वाचून गंमत वाटली. चित्रांच्या पुस्तकात पोरांना कुणी असं सांगतं का? ही ओळ नव्या आवृत्तीत घ्यायची नाही, असं तिनं तिथल्या तिथं ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फुफी नमाजेला बसल्या होत्या. वीज गेलेली, पंखा बंद, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. नुजहतनं सातवं चित्र टेबलावर घेतलं. आजोबांच्या डब्यातली पिवळी वडी तिनं ओल्या ब्रशनं घासली. साठ वर्षांच्या वाळल्या वडीतून रंग असा सुटला की जणू कालच कुणी वापरून ठेवली होती. लिंबासारखा स्वच्छ पिवळा. तिनं फ्रॉकच्या घेराला ब्रश लावला.

कागदानं रंग ओढून घेतला. रंग कागदावर पसरतो, वाळायला वेळ लागतो, हे नुजहतला चांगलं माहीत होतं. इथं ब्रश टेकतोय तोवर रंग आत जात होता. तिला पुन्हा पुन्हा ब्रश भरावा लागला. आणि मग वास आला. ओल्या केसांचा, शिकेकाईनं नुकत्याच न्हायलेल्या लहान मुलाच्या डोक्याला येतो तो. ह्या घरात शिकेकाई आलेली नुजहतनं नऊ वर्षांत पाहिली नव्हती. नुजहतनं मान वळवून मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं. तिनं बाह्या रंगवल्या, गालांना थोडा तांबूस हात दिला, केस काळे केले आणि ब्रश धुऊन ठेवला. चित्र पुरं दिसत होतं. फार छान दिसत होतं.

त्या दुपारी सागरगोटे वाजले नाहीत.

नुजहत आडवी झाली होती. झोप येईना, आणि का येत नाही ते कळेना. मग कळलं. ती उठून मागच्या खोलीत गेली. सुलतानबी फरशीवर बसल्या होत्या, पाचही गोटे पदरात तसेच. समोरच्या फरशीकडे बघत होत्या.

"फुफी, आज खेळत नाही?"

"आली न्हाय," सुलतानबी म्हणाल्या.

"कोण?"

त्या पुन्हा फरशीकडे बघायला लागल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी न जेवताच ताट बाजूला सारलं. नुजहत घाबरली. गुडघे, साखर, रक्तदाब, तिनं सगळं विचारून पाहिलं. सुलतानबींनी मान हलवली. शेवटी चौथ्या दिवशी दुपारी त्या आपणहून बोलल्या, इतक्या हळू की नुजहतला खाली बसावं लागलं.

"तुझ्या बापाच्या आधी, माझ्या पाठची एक होती. मुबशिरा. आमी मुबी म्हणायचो. तुला कुणी सांगितलं नसंल."

"नाही."

"अब्बा छत्रीचं पुस्तक करत होते तवा सहा वर्षांची होती. दिवसभर त्यांच्या मांडीजवळ. मलाबी काढा की, मलाबी काढा की. मग अब्बांनी सगळ्या चित्रांत तिला काढली. मला म्हटले, सुलतान, तूबी ये. मी अकराची, सोताला लई शानी समजायची. म्हटलं, बाहुलीवानी पुस्तकात कोण बसंल."

"मग रंग?"

"अब्बांची एक रीत होती बघ. पोराचं चित्र काढलं की त्या पोरालाच इचारायचे, तुझ्या कपड्याला रंग कुठला देऊ. ते सांगंल तोच द्यायचा. म्हैस जांभळी कुणी सांगितली? पलीकडच्या गवळ्याच्या पोरानं." सुलतानबी किंचित हसल्या. "मुबीला इचारलं. तर एक दिवस पिवळा, एक दिवस गुलाबी. सकाळी हिरवा, सांजला न्हाय म्हणायची. अब्बा म्हटले, सावकाश ठरव. ईदला नवा फ्रॉक शिवू, त्योच चित्रात घालू..." त्या थांबल्या. "ईदच्या आठ दिवस आधी ताप आला. तीन दिवसांत गेली. रंग सांगितलाच न्हाय तिनं."

नुजहतनं पुढच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"छापखानावाले म्हटले, मास्तर, कुठलाबी भरा. अब्बांनी न्हाय भरला. म्हटले, तिचं ती ठरवंल. आणि पुस्तकावर लिवलं, रंग भरू नका." सुलतानबींनी पदरातले गोटे मुठीत घेतले. "चाळिसाव्या दिसानंतर यायला लागली. दुपारची. अजून ठरना झालंय तिचं. साठ वर्षं झाली, नुजू. नवरा आला, गेला, पोरं झाली न्हाईत, कामिल गेला... ही एक दुपार कधी चुकवली न्हाय तिनं. आता चार दिस झाले. मी काय केलं असंल गं?"

सांगायला हवं होतं. पण आधी चित्रं पाहायला हवी होती. ती उठली आणि पुढच्या खोलीत गेली. तिनं चित्रं टेबलावर पसरली.

पहिल्या चित्रात मुलगी नव्हती. म्हशींच्या मागे नुसती भिंत. तालमीच्या दारात कुणी नव्हतं, मांडवाखाली सावली होती तेवढीच. अकरा चित्रांत कुठंही नव्हती, आणि खोडल्याची खूणही नव्हती. ती कधी काढलीच नसावी, असं कागद सांगत होते. नुजहतनं कपाटातली फुफीची जुनी छापील प्रत काढली. तिच्यातूनही मुलगी गेली होती. चित्रांकडे बघताना डोळ्यांना भास झाला, असं म्हणता येतं. साठ वर्षांपूर्वी छापलेल्या पुस्तकाबद्दल काय म्हणणार?

ती होती फक्त सातव्या चित्रात. पिवळ्या फ्रॉकमध्ये. पण नुजहतनं रंगवली तेव्हा ती समोर बघत उभी होती, आणि गालांना आपण रंग दिल्याचं नुजहतला पक्कं आठवत होतं. आता गाल दिसतच नव्हते. मुलगी पाठमोरी झाली होती. हाताची घडी घातलेली, मान खाली. लहान पोरं रुसली की उभी राहतात, तशी.

"फुफी..." नुजहतनं हाक मारली.

सुलतानबी भिंत धरत आल्या. त्यांनी चित्र पाहिलं. नुजहतला वाटलं, आता ह्या मला घराबाहेर काढतील. काढलं असतं तरी तिनं काही म्हटलं नसतं. नऊ वर्षं ज्या बाईनं तिला गरम भाकरी वाढली, तिची एकुलती एक सोबत आपण लिंबू रंगात बंद करून टाकली, एवढंच तिला कळत होतं.

सुलतानबींनी मात्र कपाळावर हात मारला. "अगं बाई, पिवळा! पिवळ्याला तर तिनं पयल्याच आठवड्यात न्हाय म्हटलं होतं."

मग त्यांनी लुगड्याचा पदर खोचला. "वाटीत पानी आण. कापूस आण. तुला काढता येतोय न्हवं?"

"येईल. पण रंग आत गेलाय, फुफी."

"जाऊ दे आत. तू काढ."

पावणेतीन वाजले होते. नुजहतनं ओला कापूस पिळून फ्रॉकवर टेकवला. जुन्या कागदावरचा रंग उतरवणं नाजूक काम, कागदच सोलून यायचा. पहिल्यांदा काहीच आलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा कापूस उचलताना तिला तो धरून ठेवल्यासारखा वाटला, खालून, दोन बोटांनी. ती दचकली.

"ओढते... फुफी, ती ओढते..."

"ओढू दे." सुलतानबी तिच्याजवळ बसल्या आणि चित्राकडे बघून बोलायला लागल्या, शेजारणीशी बोलावं तशा. "मुबे, सोड. तिला ठाव न्हवतं. कामिलची पोरगी हाय ती. तिचं कामच त्ये हाय, मेलेल्या माणसांना कोट घालायचं. त्यांना कुणी इचारत न्हाय, कोट पायजे का म्हणून. सवय लागली तिला. सोड आता. कापूस सोड."

कापूस सुटला. त्यावर पिवळा डाग होता. नुजहतनं दुसरा बोळा घेतला. मग रंग येत गेला, आधी घेर, मग बाह्या, मग केसांचा काळा. वाटीतलं पाणी गढूळ पिवळं झालं. खोलीत शिकेकाईचा वास इतका दाटला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी चित्रात एक पाठमोरी रेषा उरली, कोरी. ती अजूनही पाठमोरीच होती.

"आता रंगाचा डबा ठेव खाली," सुलतानबी म्हणाल्या. "चित्रं मांड. माझे गोटेबी ठेव. आणि चल भाईर."

त्या दोघी उंबऱ्याबाहेर बसल्या, दार ओढून घेतलं. गल्लीत ऊन तापलेलं होतं. लांब कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली, मग तेही शांत झालं. नुजहत आतल्या शांततेला कान देऊन बसली. ती इतका वेळ चालली की तिला वाटलं, झालं, संपलं सगळं. तिनं फुफीचा हात धरला. तो गार होता.

मग आत पत्र्यावर काहीतरी टिचकलं. रंगाच्या वड्या कुणीतरी एकेक उचलून परत खणात टाकत होतं. टिक. टिक. थोडं थांबून, टिक. बारा वेळा. मग पुन्हा काहीच नाही.

आणि मग, टक. खर्र. टक.

सुलतानबींनी डोळे मिटले. त्यांच्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर जे आलं, ते कुठल्याही फोटोत घालणं नुजहतला जमलं नसतं. "एकीच्या डावालाच चुकतीया अजून," त्या म्हणाल्या. त्या उठल्या, दार ढकलून आत गेल्या, आणि दार पुन्हा लोटलं गेलं. नुजहत बाहेरच बसून राहिली. तिला आत जायची हिंमत नव्हती, आणि आत काय चाललंय हे ऐकताना तिथून उठावंसंही वाटत नव्हतं. थोड्या वेळानं तिला तिथंच भिंतीला टेकून झोप लागली.

संध्याकाळी तिनं चित्रं पाहिली. मुलगी बाराही चित्रांत आपल्या जागी होती, कोरी. सातव्यात ती पुन्हा समोर तोंड करून उभी होती. फक्त एक फरक होता. तिनं जीभ बाहेर काढली होती. ती कुणासाठी, हे नुजहतला सांगावं लागलं नाही.

पुढं काही दिवसांनी चित्रं छापखान्यात गेली. पहिल्या पानावर मास्तरांच्या अक्षरातली ओळ होती, जशीच्या तशी. अंबादासकाका चष्मा सरसावून म्हणाले, "ही ओळ आजकालच्या पोरांना आवडायची न्हाय."

"असू दे काका. त्याशिवाय पुस्तक द्यायचं नाही मला."

"ऱ्हायलं. पण ह्या पोरीची जीभ... ही आधी होती?"

"तुम्ही नीट पाहिलं नसेल."

काकांनी तिच्याकडे पाहिलं, चित्राकडे पाहिलं, आणि मशीनकडे वळले. शहाणा माणूस.

पुस्तक निघालं. सुलतानबींनी पहिली प्रत मांडीवर घेतली आणि दिवसभर सोडली नाही. जांभळ्या म्हशींना त्या हात लावून बघायच्या. जेवण पूर्ववत झालं, गुडघ्यांच्या तक्रारीही पूर्वीच्याच थाटात सुरू झाल्या. दुपारी सागरगोटे वाजायचे, नुजहत झोपायची. घरात असं सुख कधी नव्हतं. आता तो शिकेकाईचा वास आला तरी ती घाबरायची नाही, कूस बदलायची.

पंधरा-वीस दिवसांनी रात्रीचं जेवण होताना सुलतानबी सहज म्हणाल्या, "काल मुबीला म्हटलं, मलाबी घे की तुझ्या पुस्तकात. तवा शानपना केला, आता सुचतंय."

नुजहतचा घास हातात राहिला. "मग?"

"हसली. म्हटली, जागा हाय की."

नुजहत उठली. हात न धुताच तिनं पुस्तक घेतलं आणि बारावं पान उघडलं. छत्री खाली येते, सगळे तिच्याखाली गोळा होतात, ते चित्र. कडेला मुबी उभी होती. तिच्या डाव्या बाजूला थोडी मोकळी जागा होती, हे नुजहतनं पुसताना कितीदा पाहिलं होतं. आता तिथं मोकळी जागा नव्हती. तिथं एक उंच मुलगी उभी होती. अकरा वर्षांची असेल. दोन वेण्या, परकर-पोलकं, मान जरा ताठ. नुसती रेषा. आत कोरा कागद.

तिनं अंबादासकाकांना फोन लावला. "काका, बाराव्या पानावर छत्रीखाली कोण कोण आहे, सांगता?"

"आता? जेवतोय की मी." पान उलटल्याचा आवाज आला. "चिमा हाय, पैलवान, गवळी, दोन म्हशी... आणि कडंला त्या दोघी."

"दोघी?"

"व्हय की. एक बारकी, एक वेण्यावाली. पयल्यापासनं हायेत की. का गं?"

नुजहतनं फोन ठेवला. सुलतानबी ताटातली चटणी बोटानं पुसून घेत होत्या, अगदी निवांत.

"हिरवा घ्यावा का आबुली," त्या म्हणाल्या, "ठरंना झालंय बघ."

नुजहत त्यांच्याजवळ येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिला कुठलीही जागा भरावीशी वाटत नव्हती. "सावकाश ठरवा, फुफी," ती म्हणाली. "घाई कशाला? मुबीनं साठ वर्षं लावली. तुम्हीही लावा."

"मी कुठं घाई करत्या?" सुलतानबी हसल्या आणि त्यांनी तिच्या गालाला हात लावला.

त्या रात्री त्या झोपल्यावर नुजहतनं रंगाचा डबा उचलला. बाराही वड्या तिनं अंगठ्यानं दाबून पाहिल्या. सगळ्या दगडासारख्या कोरड्या होत्या. डबा पेटीत घालून तिनं पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं दोन फेट्यांची आणि एका शालीची कामं परत केली. आधी घरच्यांना विचारून या, गेलेल्या माणसाला काय आवडायचं, असं सांगून. लोक तिच्याकडे बघतच राहिले.

दुपारी ती घरी आली तेव्हा मागच्या खोलीत खेळ रंगला होता. टक, खर्र, टक. फुफी कशावर तरी खळखळून हसल्या. इतकं मोकळं हसू नुजहतनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिलाही बरं वाटलं. तिनं चहाचं आधण ठेवलं, आणि ते उकळेपर्यंत, नुसतं मनाच्या समाधानासाठी, गळ्यातली किल्ली काढून पेटी उघडली.

अकरा वड्या कोरड्या होत्या. हिरवी ओली होती, आणि तिच्यात बोट बुडवल्याचा खळगा होता. नुजहतनं आपलं बोट त्यात ठेवून पाहिलं. ते आत सैल बसलं. खळगा लहान मुलीच्या बोटाचा नव्हता, बाईच्याही नव्हता; पोरांना विचारून रंग देणाऱ्या हाताचा होता.

"नुजू," आतून फुफींचा आवाज आला, "चहा झाला का गं?"

"झालाच," नुजहत म्हणाली, आणि दोन कप मांडता मांडता तिनं तिसरा खाली काढला.